सेवा सोडणाऱ्यांचे वेतनपट आणि औषधोपचाराचा हक्क

मे महिन्याची ३१ तारीख ही जिल्हा परिषदांच्या शाळांत आणि पंचायत समित्यांच्या कार्यालयांत निरोपाची तारीख मानली जाते. त्या एका दिवशी जितके शिक्षक व कर्मचारी सेवानिवृत्त होतात, तितके वर्षातील क्वचितच दुसऱ्या एखाद्या दिवशी होत असतील. याचे कारण शासनाच्या कोणत्याही धोरणात नसून जुन्या शाळांच्या दाखलखारीज रजिस्टरात आहे. मुलाची जन्मतारीख घरी ठाऊक नसे. बाप मुलाचा हात धरून जूनमध्ये शाळेत येई, गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे गुरुजींनी सहजपणे लिहिलेली ती तारीख ५८ वर्षांनी त्याच मुलाचा सेवेतील शेवटचा दिवस ठरविते.

या सहज लिहिलेल्या तारखेचे परिणाम दूरवर पोहोचतात. सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढ १ जुलै रोजी मिळते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभर काम केलेले असल्याने त्यास ती वेतनवाढ देय आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी दिला. ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्याचे मात्र अकराच महिने भरतात. जन्मतारीख १ जूनऐवजी १ जुलै पडली असती, तर निवृत्तिवेतनाचा पायाच थोडा वर आला असता. जन्मतारखेतील दुरुस्तीसाठी सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हे पुष्कळांना निवृत्तीच्या वर्षी कळते.

कर्मचारी सेवा सोडतो तेव्हा तीन गोष्टी एकाच दिवशी घडतात. वेतन थांबते, निवृत्तिवेतनाचा अथवा अंतिम हिशेबाचा हक्क सुरू होतो आणि औषधोपचाराची पात्रता बदलते. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा घरोघरी होते. तिसरीकडे घरात कोणी आजारी पडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात एकाच कागदपत्रावर, म्हणजे वेतनपटावर व त्यावरून उतरविलेल्या सेवेच्या नोंदींवर, अवलंबून असतात. तो कागद ज्यांच्या हाती असतो त्या मुख्याध्यापकांनी, आस्थापना लिपिकांनी व पंचायत सदस्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील परिस्थितीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

वाटणीत गेलेली वर्षे

वऱ्हाडातील सेवा-अभिलेखांना प्रशासकीय फेरबदलांचा इतिहास चिकटलेला आहे. जुन्या मध्य प्रदेशात १९४८ मध्ये जनपद सभा स्थापन झाल्या आणि ग्रामीण शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. एकाच शिक्षकाने एकाच शाळेत खुर्ची न हलवता तीन राज्यांची व दोन स्थानिक संस्थांची नोकरी केली, असे त्या पिढीत घडत असे.

ती पिढी आता निवृत्तिवेतनाच्याही पलीकडे गेली आहे. आजच्या निवृत्तांचा प्रश्न निराळा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा निर्माण झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले. १९९० च्या सुमारास अकोला जिल्हा परिषदेने नेमलेले आणि पुढे वाशीमच्या आस्थापनेवर गेलेले शिक्षक व कर्मचारी गेल्या काही वर्षांत निवृत्त होत आहेत. त्यांच्या सेवेची पहिली सात-आठ वर्षे अकोल्याच्या वेतनपटांत आहेत आणि पुढची वर्षे वाशीमच्या. सेवापुस्तक माणसाबरोबर गेले, वेतनपटांचे गठ्ठे मात्र जेथे होते तेथेच राहिले. सेवापुस्तकातील एखाद्या वर्षाची पडताळणी राहून गेली असेल, तर ती भरून काढण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षाकडे हात पसरावा लागतो. तेथेही तीस वर्षांपूर्वीचा कागद वाळवीने, ओलीने अथवा कार्यालयाच्या स्थलांतराने शिल्लक ठेवला असेलच, असे नाही.

अमरावती जिल्ह्यात विभाजन झाले नाही, पण मेळघाट आहे. धारणी अथवा चिखलदरा तालुक्यात पाच-सहा वर्षे, पुढे चांदूर बाजार, मग दर्यापूर अथवा अंजनगाव, असा शिक्षकांच्या बदल्यांचा नेहमीचा प्रवास असतो. प्रत्येक बदलीच्या वेळी अंतिम वेतन प्रमाणपत्र निघते. ते वेतनाची शेवटची रक्कम सांगणारा चिठोरा आहे, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः कोणत्या दिनांकापर्यंत कोणत्या दराने वेतन दिले, कोणती अग्रिमे शिल्लक आहेत, भविष्य निर्वाह निधीची व गट विम्याची वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत कापली आहे, हे सर्व त्यात यावयाचे असते. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांची गट विमा योजना १ मे १९८२ पासून लागू आहे, आणि तिचा एखादा महिना बदलीच्या प्रवासात हरवला की तो निवृत्तीच्या वेळी आक्षेप बनून परत येतो.

दोन वर्षे आधीचे काम

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १५ ऑगस्ट १९८२ पासून अमलात आहेत. निवृत्तिवेतनाचे प्रकरण निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून तयार करण्यास घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. विदर्भातील शासकीय कर्मचाऱ्यांची प्रकरणे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातात, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणे जिल्हा परिषदेतच मंजूर होतात. दोन्हीकडे वेळ खर्ची पडतो तो सेवेतील खंड, न झालेली पडताळणी आणि वेतननिश्चितीतील चूक या तीन ठिकाणी. दोन वर्षांचा अवधी दिला आहे तो याचसाठी. प्रत्यक्षात सेवापुस्तक पुष्कळदा शेवटच्या सहा महिन्यांत कपाटातून बाहेर येते.

वेतननिश्चितीची चूक विशेष त्रासदायक असते. पंधरा वर्षांपूर्वी एखादी वेतनवाढ एक टप्पा वर दिली गेली, ती पुढे प्रत्येक वेतन आयोगात तशीच उतरली आणि निवृत्तीच्या तोंडावर पडताळणीत उघडकीस आली, असे प्रसंग नवे नाहीत. पूर्वी अशी अतिप्रदान रक्कम सरळ उपदानातून वळती केली जाई. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी काही प्रसंगी अशी वसुली करता येणार नाही, असे ठरवून दिले. वर्ग ३ व वर्ग ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले अथवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालत आलेले अतिप्रदान, हे त्यांपैकी ठळक होत. कर्मचाऱ्यास यातून दिलासा मिळाला हे खरे. पण चूक दुरुस्त होऊन निवृत्तिवेतन कमी दरानेच ठरते. ज्या कार्यालयाने चूक केली त्याच्या दप्तरी मात्र याची कोठे नोंद होत नाही, हे प्रस्तुत लेखकास खटकते.

प्रकरण वेळेत पूर्ण झाले नाही, तर तात्पुरते निवृत्तिवेतन देण्याची तरतूद नियम १२६ मध्ये आहे. प्रशासकीय कारणाने उपदान अथवा निवृत्तिवेतन लांबल्यास व्याज देण्याचे नियमही आहेत. पंचायत समितीच्या सदस्यांनी मासिक सभेत निवृत्तांच्या प्रलंबित प्रकरणांची नुसती संख्या विचारण्याऐवजी, तात्पुरते निवृत्तिवेतन किती जणांस सुरू केले, हा प्रश्न विचारल्यास उत्तर अधिक उपयोगी मिळेल. १ नोव्हेंबर २००५ रोजी अथवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांची व्यवस्था अंशदानाची व वेगळी आहे. त्यांच्या बाबतीत कपात खात्यात प्रत्यक्ष जमा झाली की नाही, हे दरवर्षी पाहण्यास पर्याय नाही.

आता औषधोपचाराविषयी. सेवेत असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास व त्याच्या कुटुंबास वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ अन्वये मिळते. खाजगी रुग्णालयातील उपचारांसाठी १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी आहे. देयक जिल्हा शल्य चिकित्सकांच्या प्रमाणनानंतर मंजुरीस जाते; अमरावतीच्या कर्मचाऱ्यास त्यासाठी इर्विन रुग्णालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ही सवलत सेवेशी बांधलेली आहे. निवृत्तीबरोबर ती संपते. निवृत्त होणाऱ्यांसाठी हप्ता भरून घ्यावयाची वैद्यकीय विमाछत्र योजना राज्य शासनाने २०१४ मध्ये आणली. पण तिच्यात आपोआप कोणी दाखल होत नाही.

म्हणून ज्या कर्मचाऱ्याच्या घरी निवृत्तीच्या वर्षात एखादी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याचे वैद्यकीय देयक त्याने पदावर असतानाच सादर करून त्याची पोच घेणे शहाणपणाचे असते. कार्यालय सोडल्यावर त्याच देयकासाठी आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही मिळविण्यास तोच मनुष्य बाहेरचा माणूस म्हणून बाकावर बसतो. त्रुटी लागून देयक परत आले, तर ते टपालात कोणाच्या नावे येणार, हाही प्रश्न असतो.

याखेरीज एक बाब लहान दिसते आणि फार मोठी ठरते. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते आणि अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलते. सेवापुस्तकातील नामनिर्देशनात सासरचे नाव, आधारपत्रात माहेरचे, शिधापत्रिकेत घरात हाक मारतात ते, अशी एकाच स्त्रीची तीन नावे होतात. नवरा हयात असेतो यामुळे काही अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ती बाई एकटी पंचायत समितीत येते, आणि मी तीच आहे, हे तिला सिद्ध करावे लागते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पत्नीच्या नावाचे सर्व कागद समोर ठेवून ते एकसारखे करून घेण्यास आस्थापना लिपिकाचा अर्धा तास लागेल. नंतर त्याच कामासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील जाहिरात आणि कधीकधी न्यायालय.

पाच दिवसांचा फरक

सरकारी नोकरीबाहेरील कामगारांकडे वळताना अचलपूरकडे पाहणे उचित होईल. तेथील विदर्भ मिल आणि अकोल्याची सावतराम मिल या वऱ्हाडातील जुन्या कापड गिरण्या १९७४ च्या आजारी वस्त्रोद्योग राष्ट्रीयीकरण कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. पुढे त्या बंद पडल्या. अचलपुरात महामंडळाने फिनले मिल या नावाने नवी गिरणी उभी केली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातील गिरण्या थांबल्या, त्यांत हीदेखील थांबली आणि त्यानंतर ती वर्षानुवर्षे बंदच राहिली. गिरणी बंद पडते तेव्हा कामगार राजीनामा देत नाही, निवृत्त होत नाही आणि कामावरही नसतो. अशा माणसाच्या घरातील औषधोपचाराचा हक्क कोणत्या दिवशी संपतो, हा प्रश्न सोपा नाही.

राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. आज महाराष्ट्रात असलेल्या भूभागात तिचा प्रारंभ जुलै १९५४ मध्ये नागपुरात झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि ही योजना तिच्या चौथ्या प्रकरणात समाविष्ट झाली. वर्गणी व लाभाच्या कालखंडांची मूळ रचना मात्र जुनीच आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण नोकरी सुटली की विमा दवाखानाही सुटला, ही कामगारांमध्ये पसरलेली समजूत चुकीची आहे.

वर्गणीचे दोन कालखंड असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालखंडातील वर्गणीबद्दल पुढील १ जानेवारी ते ३० जून या काळात लाभ मिळतो. दुसऱ्या कालखंडाबद्दल पुढील १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. कालखंडात किमान ७८ दिवसांच्या वेतनावर वर्गणी भरलेली असली की त्याच्याशी जुळणारा लाभकाल संपेपर्यंत औषधोपचार मिळतो. कामगार दरम्यान नोकरीत असो अथवा नसो.

समजा, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कित्येक वर्षे सलग काम करणारा कामगार जूनमध्ये नोकरी सोडतो. साप्ताहिक सुटीचेही वेतन त्यास मिळते. कारखान्याच्या दप्तरात त्याचा अखेरचा दिवस १५ जून लिहिला, तर १ एप्रिलपासून ७६ दिवस भरतात. ७८ ची अट पूर्ण होत नाही. हिवाळ्यातील वर्गणीच्या बळावर त्याला ३१ डिसेंबरपर्यंतच उपचार मिळतील. तोच दिवस २० जून असेल, तर ८१ दिवस होतात आणि हक्क पुढील वर्षाच्या ३० जूनपर्यंत जातो. पाच दिवसांच्या फरकाने बायकोच्या बाळंतपणाचे अथवा म्हाताऱ्या आईच्या औषधांचे सहा महिने मिळतात किंवा जातात. कामगाराने प्रत्यक्षात २० जूनपर्यंत काम केले असेल आणि लिपिकाने हिशेब सोपा व्हावा म्हणून १५ तारीख घातली असेल, तर त्या लिपिकाने काय हिरावून घेतले, याची त्यालाही कल्पना नसते.

शब्दांचेही तसेच आहे. १९४८ च्या कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत मंजूर रजा, बेकायदेशीर नसलेला संप, टाळेबंदी व ले-ऑफ या काळात दिलेल्या रकमाही धरल्या होत्या. सूत नाही, वीज नाही म्हणून कामगारास अर्ध्या पगारावर घरी बसविले आणि मस्टरवर त्यापुढे ले-ऑफ असे लिहिले, तर त्याचे दिवस मोजले जात. त्याच रकान्यात गैरहजर असे लिहिले तर मोजले जात नसत. गिरणी अखेरची घरघर लागलेली असते तेव्हाच मस्टर सर्वांत निष्काळजीपणे भरले जाते, असा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि कामगाराला त्याच महिन्यांच्या नोंदींची सर्वांत अधिक गरज पडते.

गिरणी बंद झाल्याने अथवा कामगारकपातीत नोकरी गेलेल्यांसाठी १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. तिच्यात ठरावीक काळ बेरोजगार भत्ता व त्या काळात कुटुंबासह औषधोपचार मिळतो. वयोमानाने निवृत्त होणाऱ्या विमाधारकासही, किमान पाच वर्षे विमाक्षेत्रातील नोकरी झालेली असल्यास, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये! इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या हक्काची माहिती निवृत्त कामगारांपैकी किती जणांस असेल, याविषयी शंका आहे. या दोन्हींसाठी कारखान्याचा दाखला लागतो. चालू कारखान्यात तो एका दिवसात मिळतो. कुलूप लागलेल्या कारखान्यात दाखला देणारा माणूसच उरत नाही. म्हणून वेतनचिठ्ठ्या, विमापत्र व नेमणुकीचा कागद कामगाराने घरी जपून ठेवावा, असे कामगार संघटना सांगत आल्या आहेत, आणि ते अगदी योग्य आहे.

रेच्यावरची माणसे

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, धामणगाव येथे जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने अनेक पिढ्यांपासून आहेत, आणि कारखान्यात काम म्हणजे रेच्यावर काम, असाच अर्थ येथील खेड्यांत घेतला जातो. पण १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने विमा योजनेच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग नावानिशी आले. २०२० च्या संहितेतही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम आहे. ज्या उद्योगाने वऱ्हाडास ओळख दिली, त्याच उद्योगातील मजूर विमा दवाखान्याच्या दाराबाहेर राहिला. फुफ्फुसात रुईची धूळ जाते ती हंगामी असो वा बारमाही, याचा विचार व्याख्या करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

या मजुरांचा औषधोपचाराचा हक्क त्यामुळे शिधापत्रिकेवर येऊन ठेपतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. अकोला जिल्ह्यात ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून आली. पुढे तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले व ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली. शिधापत्रिकेत सुनेचे अथवा नव्या बाळाचे नाव चढविले नसेल, तर अडचण रुग्णालयाच्या दारात कळते. ते नाव चढवून घेण्यास ग्रामपंचायत सदस्याने मदत केली, तर रेच्यावरच्या मजुरासाठी ते विमापत्र मिळवून दिल्यासारखेच होईल.

विम्याबाहेर असला तरी हा मजूर सर्वच हक्कांबाहेर नाही, आणि येथे पुन्हा मस्टर येते. उपदानाचा कायदा १९७२ चा. त्याची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. हंगामी आस्थापनेतील कामगारास प्रत्येक हंगामाबद्दल सात दिवसांचे वेतन उपदान म्हणून मिळते. कारखाना जितके दिवस चालला त्यांपैकी किमान ७५ टक्के दिवस प्रत्यक्ष काम केले असले, म्हणजे तो हंगाम सलग सेवेचा धरला जातो. जिन १२० दिवस चालला तर ९० हजेऱ्या हव्यात. बारा हंगाम काम केलेल्या मजुरास अखेरची मजुरी दिवसाला ४०० रुपये असेल, तर ३३,६०० रुपये होतात. बारमाही असणाऱ्या मेकॅनिक, लिपिक व चौकीदारांस वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे मिळते. या रकमेसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मृत्यू ओढवल्यास ती अट नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेतील एक कलम तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९९५ च्या त्या योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. परंतु हंगामी कामगाराने वर्षातील काही महिनेच काम केले असले, तरी ते त्याचे पूर्ण वर्ष मानले जाते. याचा अर्थ दहा हंगामांची वर्गणी भरलेल्या जिन-मजुरास पात्रता येऊ शकते. अट एवढीच की प्रत्येक हंगामात त्याचे नाव त्याच खाते क्रमांकाखाली आलेले असावे. दरवर्षी मुकादम बदलतो, नवा मुकादम नवे नाव व नवा क्रमांक घालतो आणि दहा हंगाम दहा वेगवेगळ्या माणसांचे होऊन बसतात. मुकादमाच्या वहीतील हजेरी आणि कारखान्याच्या मस्टरमधील हजेरी या दोन्ही जुळल्या पाहिजेत, असा आग्रह हंगामाच्या प्रारंभी धरला गेला तरच तो उपयोगी पडतो. हंगाम संपून सरकीचे ढीग उचलले गेल्यावर मुकादमाचा पत्ताही लागत नाही.

काम सोडणाऱ्याचा हिशेब किती दिवसांत व्हावा, याविषयी वेतन संहिता स्पष्ट आहे. तीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. राजीनामा, बडतर्फी, कपात अथवा कारखाना बंद होणे, यांपैकी कोणत्याही कारणाने सेवा संपली तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे. उपदानास तीस दिवसांची मुदत आहे.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात

पंचायत सदस्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो ग्रामपंचायतीच्या शिपायाशी, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याशी, दिवाबत्ती पाहणाऱ्याशी. गावात त्यास सर्व ओळखतात, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या नोंदीची गरज कोणास वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत नमुना १३ हा कर्मचारी वर्गाच्या सूचीचा व वेतनश्रेणीचा, आणि नमुना २१ हा कर्मचाऱ्यांच्या देयकांचा आहे. त्या कर्मचाऱ्याची संपूर्ण नोकरी या दोन वह्यांत असते. जिल्हा परिषदेतील वर्ग ३ व वर्ग ४ च्या काही पदांवर ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांतून १० टक्के भरती होते, तेव्हा ज्येष्ठता याच वह्यांवरून ठरते. वीस वर्षे पाण्याची मोटर चालविणाऱ्या माणसाची नियुक्ती कोणत्या ठरावाने, कोणत्या दिनांकास झाली, हे नमुना १३ मध्ये नसेल, तर त्याच्यानंतर लागलेला मनुष्य त्याच्या पुढे जातो. असा कर्मचारी काम सोडतो अथवा मरण पावतो तेव्हा त्याच्या वारसांना देण्यासारखा कोणताच कागद ग्रामपंचायतीजवळ नसतो.

मार्च महिन्यात अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी सरपंचांनी नमुना १३ मागवून प्रत्येक कर्मचाऱ्यास समक्ष बोलावावे. नियुक्तीचा ठराव क्रमांक व दिनांक, जन्मतारीख आणि ती कोणत्या कागदावरून घेतली तो आधार, वारसाचे नाव, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक व अखेरची जमा, एवढ्या बाबी वाचून दाखवून त्याची सही अथवा अंगठा घ्यावा. पाच-सहा कर्मचाऱ्यांसाठी एक दुपार पुरते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा प्रभार यादीत चाव्या, शिक्के व धनादेश पुस्तके लिहिली जातात. नमुना १३ व नमुना २१ यांची कोणत्या पानापर्यंत नोंद झाली आहे, हेही त्याच यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या यादीची एक प्रत पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे पाठवावी.